मोबाइल अ‍ॅड हॉक जाळ्यांतील राउटिंगची सुरक्षा

मनोरे, केबल किंवा स्थिर राउटर (माहितीला वाट दाखवणारी यंत्रे) नसताना फिरत्या उपकरणांनी आपसांत उभारलेल्या बिनतारी जाळ्याला मोबाइल अ‍ॅड हॉक जाळे किंवा ‘मॅनेट’ म्हणतात. सैनिकी तुकड्या आणि आपत्तीतील बचाव पथके ही त्याची नेहमीची क्षेत्रे. इथे प्रत्येक नोड (जाळ्यातले उपकरण) इतरांची पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) पुढे पाठवतो, त्यामुळे जो नोड सामील होईल तोच राउटर ठरतो. एओडीव्ही (इंटरनेट दस्तऐवज आरएफसी ३५६१, २००३) आणि डीएसआर (आरएफसी ४७२८, २००७) हे मार्ग शोधण्याचे प्रोटोकॉल (नियमसंच) सगळे नोड प्रामाणिक आहेत असे धरून रचलेले आहेत. बहुतेक हल्ले नेमके या विश्वासाचाच फायदा घेतात.

एओडीव्हीत मार्ग हवा असलेला नोड विनंती चहूकडे पसरवतो. उत्तरातला अनुक्रमांक जितका मोठा, तितका मार्ग ताजा समजला जातो. हल्लेखोराकडे मार्ग नसला तरी तो भलामोठा अनुक्रमांक टाकून उत्तर देतो. मग सगळी पॅकेट त्याच्याकडे वळतात आणि तिथेच गडप होतात. हा कृष्णविवर हल्ला. मोजकीच पॅकेट गाळणारा नोड पकडणे याहून कठीण असते.

सुरक्षित एओडीव्हीत संदेशाच्या न बदलणाऱ्या भागावर डिजिटल स्वाक्षरी असते. वाटेतल्या टप्प्यांची (एका नोडपासून पुढच्या नोडपर्यंतच्या उड्यांची) संख्या मात्र प्रत्येक नोडपाशी बदलते, म्हणून तिच्यासाठी हॅश साखळी वापरतात. हॅश म्हणजे माहितीवरून सूत्राने काढलेले ठरावीक लांबीचे मूल्य. पाठवणारा एक यादृच्छिक संख्या घेऊन कमाल टप्प्यांइतक्या वेळा तिचा हॅश काढतो आणि शेवटच्या मूल्यावर स्वाक्षरी करतो. पुढचा प्रत्येक नोड मिळालेल्या मूल्याचा एकेकदा हॅश काढतो. हॅश उलटा फिरवता येत नसल्याने टप्पे कमी करून दाखवता येत नाहीत. पण संख्या न वाढवता संदेश तसाच पुढे ढकलण्याची पळवाट उरतेच. २००२ मध्ये हू, पेरिग आणि जॉन्सन या संशोधकांनी मांडलेला ‘एरियाड्नी’ हा सुरक्षित राउटिंग प्रोटोकॉल हलक्या सममित (दोन्हीकडे एकच गुप्त किल्ली असलेल्या) कूटलेखनावर चालू शकतो. त्यात वापरता येणाऱ्या ‘टेस्ला’ या प्रमाणीकरण पद्धतीत संदेश तपासण्याची किल्ली उशिरा जाहीर होते, म्हणून घड्याळे ढोबळमानाने जुळलेली लागतात.

सर्वांत चिवट आहे तो वर्महोल हल्ला. दूरदूरचे दोन साथीदार खासगी दुव्यावरून पॅकेट जसेच्या तसे पलीकडे नेतात. लांबचे नोड शेजारी भासतात, तरी प्रत्येक स्वाक्षरी खरीच ठरते. निव्वळ कूटलेखन इथे अपुरे पडते. यावर ‘पॅकेट लीश’ हा उपाय पॅकेटसोबत वेळ किंवा स्थान पाठवून त्याने कापलेले अंतर तपासतो. प्रकाश एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जातो. घड्याळात तेवढी चूक झाली तरी वेळेवर आधारलेली तपासणी फोल ठरू शकते.

किल्ल्यांचे वाटप हाही मोठा पेच. नोडांच्या किल्ल्यांना प्रमाणपत्र देणारे मध्यवर्ती प्रमाणन केंद्र एकदा फोडले की सगळेच उघडे पडते. म्हणून झोउ आणि हास या संशोधकांनी १९९९ मध्ये त्याची गुप्त किल्ली अनेक नोडांत विभागून ठेवण्याचा मार्ग सुचवला: ठरावीक संख्येने नोड एकत्र आल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही. आत शिरलेल्या, वैध किल्ली बाळगणाऱ्या फितूर नोडासाठी मात्र वर्तनावरच नजर ठेवावी लागते. २००० मधील ‘वॉचडॉग’ तंत्रात नोड आपले पॅकेट शेजाऱ्याने खरेच पुढे पाठवले का, हे रेडिओवर ऐकतो. ऐन त्याच क्षणी दुसऱ्या प्रक्षेपणाशी टक्कर झाली, तर प्रामाणिक शेजाऱ्यावरही संशय येतो.