तापरंगी द्रव स्फटिकांचे अंशशोधन : पार्श्वभूमी

प्राग येथील एका वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८८ साली द्रव स्फटिक अवस्था, म्हणजे द्रवासारखी वाहणारी पण स्फटिकासारखी रेणूंची मांडणी असलेली अवस्था, आढळली. मात्र तापमानानुसार रंग बदलणाऱ्या, म्हणजे तापरंगी, द्रव स्फटिकांच्या रंगावरून पृष्ठभागाचे तापमान ठरवण्याचा प्रयत्न १९६०च्या दशकात सुरू झाला. कच्चे स्फटिक धूळ, ओलावा आणि अतिनील किरणांनी लवकर बिघडत. त्यांना सूक्ष्म कोशांत बंद करून काळ्या रंगाच्या थरावर फवारता येऊ लागले, तेव्हाच अभियंत्यांनी ते खऱ्या अर्थाने हाती घेतले.

सुरुवातीला एखाद्या अंशाच्या पट्ट्यातच रंग पालटणारे स्फटिक वापरून एका ठरावीक रंगाची रेषा टिपली जाई. १९८०च्या दशकात रंगीत कॅमेरा आणि संगणक जोडीला आले. तेव्हापासून पाच ते वीस अंशांत लालपासून निळ्यापर्यंत जाणाऱ्या स्फटिकांची रंगछटा मोजून एकाच चित्रातून संपूर्ण तापमान-नकाशा मिळू लागला.

येथूनच एक वाद उभा राहिला, तो अंशशोधन, म्हणजे कोणती रंगछटा कोणते तापमान दाखवते हे आधी ठरवून घेणे, कोठे करावे याचा. एका टोकाला तापवलेल्या व दुसऱ्या टोकाला थंड ठेवलेल्या धातूच्या पट्टीवर थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडणी) बसवले, की एकाच चित्रातून रंगछटा आणि तापमान यांचा संपूर्ण वक्र, म्हणजे आलेख, मिळतो. ही पद्धत जलद आहे आणि सपाट पृष्ठभाग, स्थिर दिवा व स्थिर कॅमेरा असेल तर पुरेशीही आहे. तथापि दिसणारा रंग केवळ तापमानावर ठरत नाही. प्रकाश आणि दृष्टी यांचा कोन तिरपा होत गेला, की त्याच तापमानाला रंग निळ्याकडे सरकतो. थराची जाडी आणि आजूबाजूचा उजेडही त्यात भर घालतात. त्यामुळे टर्बाइनच्या वाकलेल्या पात्यावर पट्टीवरून काढलेला वक्र लावणे म्हणजे चूक आकड्यांत लपवणे होय. प्रत्यक्ष पृष्ठभागच पायरीपायरीने समान तापमानाला आणून प्रत्येक बिंदूचा स्वतंत्र वक्र काढणे कष्टाचे आहे, कारण मोठ्या पृष्ठभागावर समान तापमान टिकवणे अवघड असते. तरी तोच मार्ग विश्वासार्ह मानला पाहिजे. शिवाय थर कार्यमर्यादेपलीकडे, म्हणजे तो रंग दाखवतो त्या तापमानाच्या पट्ट्यापलीकडे, तापवून मग निवू दिला, तर त्याच तापमानाला तापतानाची रंगछटा परत मिळेलच असे नाही. म्हणून निवतानाच्या मोजमापाला तापतानाचा वक्र वापरू नये.

पूर्वीचे तंतूचे दिवे अवरक्त किरणांनी पृष्ठभागालाच ऊब देत. एलईडी दिव्यांनी तो दोष बराच कमी केला, परंतु त्यांच्या प्रकाशाची वर्णरचना निराळी असल्याने जुने वक्र त्यांना लागू पडत नाहीत आणि दिवा बदलला की अंशशोधन पुन्हा करावे लागते.