रोप दुपारी मान का टाकते? केळी बागायतदारांसाठी माहितीपत्रक

आमच्या रोपवाटिकेतून टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेली, ग्रँड नैन या केळीच्या जातीची रोपे नेणारे बागायतदार लागवडीनंतर पहिल्या आठवड्यातच विचारतात, की सकाळी टवटवीत दिसणारे रोप दुपारी मान का टाकते आणि पाणी वाढवावे का. याचे उत्तर पानाच्या पेशीत आहे.

पूर्ण वाढलेल्या पेशीची बहुतेक जागा रिक्तिका नावाच्या पाण्याच्या पिशवीने व्यापलेली असते. ती भरली की पेशीद्रव्य सेल्युलोजच्या पेशीभित्तिकेवर दाबले जाते आणि पान ताठ राहते. सायकलच्या टायरमध्ये ट्यूब फुगावी, तसाच हा प्रकार आहे. मुळे ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडाले की ट्यूब सैल पडते. जमीन वाफशावर (ओलसर, पण हवा खेळती) असेल आणि संध्याकाळी रोप पुन्हा उभे राहत असेल, तर जादा पाणी देऊ नये, कारण मुळांच्या पेशींतील तंतुकणिका या सूक्ष्म भागांना ऊर्जा तयार करण्यासाठी प्राणवायू लागतो आणि पाणी साचून चिबडलेल्या जमिनीत तो मिळत नाही.

पानातील पाणी ज्यातून उडते त्या प्रत्येक सूक्ष्म छिद्राला, म्हणजे रंध्राला, दोन रक्षक पेशी असतात. त्यांत पालाश व पाणी शिरले की रंध्र उघडते, बाहेर पडले की मिटते. प्रयोगशाळेच्या बाटलीतील दमट हवेत वाढलेल्या रोपाची रंध्रे नीट मिटत नाहीत आणि पानावरचा मेणाचा थरही पातळ असतो. हार्डनिंग, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची हळूहळू सवय लावणे, त्यासाठीच असते, आणि मृगबागेची (मृग नक्षत्राच्या सुमारास लावायच्या बागेची) कितीही घाई असली तरी ते पूर्ण झाल्याखेरीज आम्ही रोपे देत नाही. भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा उष्ण वारे अडवायला बांधावर सजीव कुंपण हवेच.

पानाच्या पेशींतील हिरव्या कणांत, म्हणजे हरितलवकांत, असलेल्या हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतले काढून नव्यांना देते, म्हणून जुनी पाने आधी पिवळी पडतात. मात्र नत्राच्या कमतरतेतही असेच दिसते, तेव्हा माती परीक्षणाविना खत टाकू नये. या जातीच्या पेशीच्या केंद्रकात 33 गुणसूत्रे (आनुवंशिक गुण वाहणारे धागे), म्हणजे 11 चे तीन संच असतात. त्यामुळे या केळीला बी धरत नाही आणि लागवड कंदाने किंवा टिश्यू कल्चरनेच करावी लागते.

पेशीभित्तिका डोळ्यांनी पाहायची असल्यास कापलेल्या पानाची दांडी मोडून दोन्ही तुकडे सावकाश दूर ओढावेत. मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकणारे तंतू ताणले जातात. ही पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या भित्तिकांवरील स्प्रिंगसारखी वेटोळी आहेत. त्या पेशी केव्हाच मेलेल्या असतात, केवळ भित्तिका उरलेली असते, आणि पाणी तिच्या पोकळीतूनच वर चढते.