नाशिक बॉइज

नाशिकलगतच्या शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीत शिकलेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी तरुणांना एकोणिसाव्या शतकातील मिशनरी व प्रवासी लेखनात मिळालेले नाव. मुंबईत आणलेल्या मुक्त आफ्रिकींना लावली जाणारी ‘बॉम्बे आफ्रिकन’ ही संज्ञा याहून व्यापक आहे. स्कॉटिश मिशनरी व संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांना आफ्रिकेतील अखेरच्या प्रवासात (1866–73) दिलेल्या सोबतीमुळे ख्रिस्ती वाङ्मयात विश्वासूपणाचे उदाहरण म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

चर्च मिशनरी सोसायटीचे नाशिकमधील काम 1832 चे. शरणपूरची वसाहत रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1854 च्या सुमारास उभी केली. आफ्रिकी मुलांचा विभागही त्याच वर्षीचा असे काही ठिकाणी म्हटले आहे. 1860 च्या आसपासचा काळ अधिक संभवनीय वाटतो. ब्रिटिश आरमाराने अरबी गलबतांतून सोडवलेली मुले मुंबईत उतरवली जात. त्यांतील काही शरणपूरला येत आणि इंग्रजी, बायबल, सुतारकाम, लोहारकाम शिकत.

‘नाशिक बॉइज’मध्ये कोणाला धरावे, याबद्दल घोळ आहे. सर्वांत प्रसिद्ध जोडी जेम्स चुमा व अब्दुल्ला सुसी यांची, आणि लोकप्रिय लेखनात दोघांनाही सर्रास नाशिकचे ठरवले जाते. ते ग्राह्य धरता येत नाही. चुमा मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होते व तेथेच डिसेंबर 1865 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. सुसी झांबेझी नदीवरील शुपांगाचे, आणि त्या काळात ख्रिस्तीही नव्हते. शरणपूरचे म्हणता येतील ते एडवर्ड गार्डनर व 1866 च्या तुकडीतील त्यांचे सोबती (एकूण 9), तसेच 1872 मध्ये मागून रवाना झालेले जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फरार आदी.

पहिल्या तुकडीची निष्ठा एकसारखी नव्हती, हे भक्तिपर चरित्रांत सहसा गाळले जाते. काही जण वाटेत सोडून गेले. 1868 मध्ये बांग्वेउलू सरोवराकडे निघताना बहुतेक सोबत्यांनी पुढे यायला नकार दिला. ते चालून चालून कंटाळले होते आणि मीही कंटाळलो आहे, अशा आशयाची नोंद लिव्हिंग्स्टन यांनी दैनंदिनीत केली. परतलेल्यांना पुन्हा ठेवूनही घेतले. पंफुल्यात पौलाला सोडून गेलेला योहान मार्क पुढे त्याच पौलाला सेवेसाठी उपयोगी वाटला (प्रेषितांची कृत्ये 13, 2 तीमथ्य 4). या प्रकरणाला तो दाखला सरसकट गौरवापेक्षा जास्त लागू पडतो.

लिव्हिंग्स्टन यांचा मृत्यू आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी झाला. तारखेबद्दल मतभेद आहेत. त्यांच्या हातची अखेरची नोंद 27 एप्रिल 1873 ची आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीतील शिळेवर 1 मे आहे आणि तीच रूढ झाली. वेनराइट यांनी तेथील एका झाडावर मात्र 4 मे ही तारीख कोरली. ती दफनविधीची असावी, असे एक मत आहे. तथापि वेनराइट हे तांड्यातील लिहिते हात. मालकाच्या सामानाची यादीही त्यांनीच केली होती. जागेवर कोरलेल्या तारखेला त्यामुळे सहज बाजूला सारता येत नाही.

लिव्हिंग्स्टन यांचे हृदय व आतडी त्याच झाडाखाली पुरली गेली आणि वेनराइट यांनी इंग्रजीत अंत्यविधीची प्रार्थना वाचली. पार्थिव मायदेशी पाठवता यावे म्हणून मीठ घालून सुमारे पंधरा दिवस उन्हात सुकवले, कापडात गुंडाळून झाडाच्या सालीच्या नळकांड्यात बसवले, वर शिडाचे कापड शिवून डांबर लावले. उन्यान्येंबे (आजचे टांझानिया) येथे लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी निघालेल्या मोहिमेचे प्रमुख लेफ्टनंट कॅमेरॉन यांनी तेथेच दफन करण्याचा सल्ला दिला. तांड्याने तो मानला नाही. मढे आपल्या मुलखातून जाऊ देण्यास वाटेतील लोकांचा विरोध होता. तेव्हा खोटे गाठोडे परत पाठवून दफनाची बतावणी केली आणि खरे पार्थिव कापडाच्या गाठोड्यासारखे बांधून पुढे नेले. फेब्रुवारी 1874 मध्ये तांडा किनाऱ्यावरील बागामोयोला पोहोचला. पायी अंतर दीड हजार किलोमीटरहून अधिक होते.

ॲबीतील दफनाला (18 एप्रिल 1874) या तांड्यातील एकटे वेनराइट हजर होते. शवपेटीच्या आठ मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता. ‘विश्वासू हातांनी भूमी व सागर ओलांडून आणलेले’ असे शिळेवर कोरले आहे. हातांची नावे नाहीत. ती रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या पदकांवर आली, ‘शेवटपर्यंत विश्वासू’ या शब्दांसह. जुन्या लेखकांनी या मंडळींना इमानी नोकर मानले. अलीकडचे अभ्यासक पार्थिव नेण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता यावर भर देतात, आणि कॅमेरॉन प्रसंग पाहता हे मत सबळ ठरते. योसेफाने बाप याकोबाचे शव मसाला भरवून मिसरातून कनानात नेले (उत्पत्ती 50), तो प्रसंग बायबल शिकलेल्या शरणपूरच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असणारच. वेनराइट यांचे नावही त्याच याकोबाचे.

1875 मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन ही वसाहत वसवताना प्राइस यांनी शरणपूरच्या अनेक आफ्रिकींना तिकडे नेले व येथील आफ्रिकी विभाग संपला. त्याआधीच मोंबासाकडे गेलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांना 1885 मध्ये चर्चच्या सेवेची (धर्मसेवकपदाची) दीक्षा मिळाली. वेनराइट 1892 मध्ये उरांबो येथे, तर वेलिंग्टन 1935 मध्ये मोंबासा येथे वारले. नाशकात शरणपूर रोड या रस्त्याला वसाहतीचे नाव आहे.