आटे सारखेच, भार वेगळा: कॅमेऱ्याचा तळ की लेन्सचा पाय?

कॅमेऱ्याच्या तळाला आट्यांचं एक भोक असतं. मोठ्या लेन्सला कॉलर असते, म्हणजे लेन्सभोवती आवळलेली रिंग; तिच्या खालच्या पायालाही तसंच भोक. दोन्हीकडे सहसा पाव इंचाचेच आटे, त्यामुळे ट्रायपॉडची प्लेट कुठेही घट्ट बसते. मग कुठेही लावली म्हणून काय बिघडलं?

मीही बरेच दिवस 150-600 एमएमची दोन किलोची झूम लेन्स कॅमेऱ्याच्या तळावरच पेलत होतो. एकदा उभ्या फ्रेमसाठी हेड, म्हणजे ट्रायपॉडचा वरचा कलणारा भाग, 90 अंश कलवलं आणि लेन्सनं सावकाश मान टाकली. स्क्रू शाबूत होता; प्लेटवर अख्खा कॅमेराच फिरला होता.

लेन्स 2 किलोची आणि तिचा गुरुत्वमध्य स्क्रूच्या 12 सेंटिमीटर पुढे धरा. एका वितीच्या दांड्याला टोकाशी किलोभर वजन टांगावं, तेवढा हा भार. कॅमेरा आडवा असताना तो हेडला पुढे ओढतो. उभा केला की तोच भार स्क्रूभोवती पीळ देऊ लागतो: एका बाजूला कलवलंत तर आवळतो, दुसऱ्या बाजूला सैल करतो. माझी बाजू दुसरी होती, हे सांगायला नकोच.

कॉलरचा पाय मात्र तोलाच्या जवळपास येतो. मागे बॉडी, पुढे काचा, मध्ये आधार. कावडच म्हणा ना. उभी फ्रेम हवी तर कॉलरचा नॉब थोडा सैल करून लेन्स कॉलरमध्येच फिरवायची, हेड सरळच राहतं. लांब प्लेट मागेपुढे सरकवून तोल साधता येतो. फक्त झूम लांबवल्यावर पुढे येणारी लेन्स असेल तर तो परत बघावा लागतो.

लहान 50 एमएम लेन्सला कॉलर नसते आणि लागतही नाही. तिथे तळच बरोबर.

खांद्यावरून नेतानाही हाच घोळ. पट्टा बॉडीच्या कड्यांना असेल तर जड लेन्स माउंटवर, म्हणजे बॉडी आणि लेन्सच्या जोडावर, लोंबकळते. माउंट लगेच तुटतं असं नाही, लोक उगाच घाबरवतात. पण पायरी उतरतानाचा हिसका त्याच्यावरच येतो. लेन्सला स्वतःची कडी असतील तर पट्टा तिथे. पायाच्या भोकात स्क्रूनं बसणारा पट्टा चालताना फिरून सैल होऊ शकतो, म्हणून बॉडीला एक जादा दोरी बांधतो. कॉलरचा पाय हातात धरून नेणं सोपं, पण काही कॉलर बिजागरीच्या असतात. नॉब जास्त सैल राहिला की कॉलरच उघडते, आणि हातात पाय उरतो. उचलण्याआधी नॉब एकदा आवळून बघायचा.

ट्रायपॉडवर चढवताना मी आधी नुसती लेन्स बसवतो, प्लेटचं कुलूप लागल्याची खात्री करतो आणि मगच मागून बॉडी जोडतो.