मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख (आयबीटी)

मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख : आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या वेळापत्रकातच प्रत्यक्ष कामातून अनेक कौशल्ये शिकवणारा महाराष्ट्रातील पूर्वव्यावसायिक अभ्यासक्रम. शाळांमध्ये तो ‘आयबीटी’ या नावानेच ओळखला जातो. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळ येथील विज्ञान आश्रमात तो आकाराला आला.

विज्ञान आश्रमाची स्थापना डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये केली. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या कलबागांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात अनेक वर्षे काम केले होते. ती नोकरी सोडून ते पत्नी मीरा यांच्यासह अवर्षणग्रस्त पाबळमध्ये येऊन राहिले. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून आश्रमाचे काम सुरू झाले. सुरुवातीला शाळा अर्धवट सोडलेली मुले हाताशी होती. वर्गात मागे पडलेली हीच मुले कार्यशाळेत भराभर शिकतात, हे दिसल्यावर तीच पद्धत गावच्या हायस्कुलात नेण्यात आली. ऐंशीच्या दशकातच तिला माध्यमिक शिक्षण मंडळाची मान्यता मिळाली.

कामातून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. पुढे तो तास बऱ्याच शाळांनी कागदी फुले आणि शुभेच्छापत्रांवर भागवला.

आयबीटीत आठवड्यातला एक दिवस कामासाठी राखलेला असतो. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन असे चार विभाग असून मुले-मुली सर्वच विभागांत आळीपाळीने काम करतात. मुली वेल्डिंग करतात, मुले चिक्की करतात. मातीपरीक्षण, घरगुती वायरिंग, हिमोग्लोबिन तपासणी, कोंबड्यांना घातलेले खाद्य आणि वाढलेले वजन यांची नोंद ठेवणे, अशी कामे त्यात येतात. शिकवणारे निदेशक शक्यतो गावातले किंवा जवळपासचे कारागीर असतात. एकाच धंद्यात मुलाला अडकवायचे नाही, हा यामागचा विचार. चौदाव्या वर्षी कोणता व्यवसाय करायचा हे ठरवायला लावणे अन्यायाचेच आहे.

अभ्यासक्रमाचा खरा कणा मात्र ‘लोकोपयोगी सेवा’ हा आहे. मुलांनी केलेले काम गावातल्या कोणाच्या तरी उपयोगी पडले पाहिजे आणि त्याचे पैसे त्या माणसाने दिले पाहिजेत. उदाहरणार्थ, अंगणवाडीसाठी लोखंडी टेबल करायचे असेल तर मुले आधी जाऊन माप घेतात, आकृती काढतात आणि अंदाजपत्रक करतात. लोखंडी अँगल वजनावर मिळतो, त्यामुळे मीटरचे किलो करावे लागतात. कापताना वाया जाणारे तुकडे, वेल्डिंग रॉड, वीज, रंग आणि मजुरी हिशेबात धरावी लागते. जोडताना चारही कोपऱ्यांना आधी नुसते टाके मारायचे, गुण्या लावून काटकोन तपासायचा आणि मगच पूर्ण वेल्डिंग करायचे. घाई केली तर उष्णतेने चौकट ओढली जाते आणि टेबल डुगडुगते. डुगडुगणारे टेबल गिऱ्हाईक घेत नाही. मग ते पुन्हा कापून सरळ करावे लागते, आणि वाढलेला खर्च प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात, अंदाजपत्रकाशेजारी लिहावा लागतो.

फेरोसिमेंटच्या टाकीचेही तसेच. जाळीवर सिमेंट-वाळूचा गिलावा चढवणे दिवसभरात होते, पण त्यावर पुढे रोज पाणी मारावे लागते. आयबीटीचा वार आठवड्याने येतो, त्यामुळे मुलांना आपसात पाळ्या लावाव्या लागतात. ज्याची पाळी चुकते त्याचे नाव तडा गेल्यावर सर्वांना कळते. वेळेवर येणे, दिलेला शब्द पाळणे, चौघांत मिळून काम करणे, बिघडले तर सांगणे : कामावर ठेवणारे मालक नवख्या मुलांत जे गुण शोधतात, ते येथे वेगळा धडा न घेता अंगवळणी पडतात. गणित आणि विज्ञानही हाताखालून जाते. मीटरवरच्या युनिटचा हिशेब केलेल्या मुलाला वॉट आणि तास यांचा संबंध फळ्यावर वेगळा समजावावा लागत नाही.

बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार देशातील १९ ते २४ वयोगटातील कामकऱ्यांपैकी ५ टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हाच आकडा देऊन शालेय वयापासून व्यवसाय शिक्षणाचा आग्रह धरला आणि सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याखाली राज्यातील शाळांत नववीपासून वाहनदुरुस्ती, किरकोळ विक्री, आरोग्यसेवा असे विषय आले. त्यांतील ‘मल्टी स्किल’ विषयाची घडण आयबीटीशी मिळतीजुळती आहे.

आयबीटी इतर शाळांत पसरताना जपायला सर्वांत अवघड गेले ते गिऱ्हाईक. साहित्य, यंत्रे आणि पुस्तिका शाळेला पुरवता येतात. गावातून कामे आणणारा, मुलांच्या हाती ती विश्वासाने सोपवणारा निदेशक टिकवणे कठीण. त्याचे मानधन तुटपुंजे असले की तो चांगले काम मिळताच निघून जातो. कच्च्या मालाचे पैसे आले नाहीत की प्रात्यक्षिक वहीत उतरते आणि विषय पुन्हा पाठांतराचा होतो. जेथे मुख्याध्यापक शाळेच्या बाकांची दुरुस्ती, वायरिंग आणि परसबाग आपल्याच मुलांकडून मोबदला देऊन करून घेतात, तेथे कार्यशाळेला वर्षभर काम पुरते.

दहावीनंतर यातील काही विद्यार्थी आयटीआय किंवा तंत्रनिकेतनात जातात. पाबळला याच विषयांचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम चालतो. आश्रमाच्या आवारात २००२ पासून फॅब लॅबही (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळा) आहे.