डग्गा कुठे गेला?

"मुंबईची दमट हवा, दुसरं काय!" गिरगावातल्या मामांच्या पन्नास वर्षं जुन्या स्टिरिओ अॅम्प्लिफायरचं निदान शेजाऱ्यांनी एका वाक्यात करून टाकलं. डाव्या स्पीकरमधून तबल्याची चाट खणखणीत यायची, डग्गा मात्र गायब. आतला एक भाग दमटपणाने बिघडला नव्हता, तो सुकला होता.

स्टिरिओत एकाच सर्किटच्या दोन जुळ्या बाजू असतात, त्यामुळे धड बाजूच आपला नकाशा. आधी इनपुटच्या वायरी अदलाबदल केल्या. दोष डावीकडेच राहिला. मग अॅम्प्लिफायरमागे स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. आता डाव्या बाजूला जोडलेला उजवा स्पीकर पोकळ वाजू लागला. म्हणजे स्पीकर निर्दोष, दोष अॅम्प्लिफायरच्या डाव्या बाजूत. मल्टिमीटर लावला, तर आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोडीमध्ये दोन्हीकडे २० व्होल्ट, पुरवठ्याच्या ४० व्होल्टच्या बरोब्बर निम्मे. तेही ठीक. हे २० व्होल्ट अडवून फक्त आवाजाचा बदलता प्रवाह स्पीकरकडे सोडायला पुढे एक मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो. संशय त्याच्यावर आला.

शाळेत आपण शिकतो, दोन पट्ट्या आणि मधे विद्युतरोधक म्हणजे कपॅसिटर. यातही अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि मधे कागद, अशी गुंडाळी असते. पण रोधक कागद नव्हे! एका पट्टीवर वीज वापरूनच ऑक्साइडचा थर चढवतात, दर व्होल्टला साधारण १.४ नॅनोमीटर, म्हणजे अशा कपॅसिटरमध्ये एकूण जाडी केसाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. थर जितका पातळ, तितकी धारकता, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, जास्त. आणि खरी दुसरी 'पट्टी' म्हणजे कागदात मुरलेला द्रव. थराच्या प्रत्येक खाचेत तोच शिरू शकतो. दुसरं अॅल्युमिनियम फक्त त्याच्यापर्यंत वीज पोचवतं. बाहेर कितीही पावसाळी ओल असो, हा द्रव रबरी बुचातून वर्षानुवर्षं उडत राहतो, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. मामांचा कपॅसिटर ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या, तापणाऱ्या हीटसिंकला खेटूनच होता.

पुरवठा काढून, साठलेला चार्ज उतरवून मोजलं. धारकतेच्या छापील १००० मायक्रोफॅरडपैकी उरले होते जेमतेम ५०. ८ ओहमच्या स्पीकरसाठी गणित सोपं: १ भागिले (२ × पाय × ८ × धारकता, फॅरडमध्ये). १००० ला उत्तर येतं २० हर्ट्झ, ५० ला ४०० हर्ट्झ. त्याखालचे स्वर क्षीण होत जातात, म्हणजे डग्ग्याची घुमारच संपली. दुकानात सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या स्पीकर वायरी सुचवल्या होत्या. त्यांनी हे ४०० हर्ट्झ एकानेही खाली आले नसते.

लॅमिंग्टन रोडवरून १००० मायक्रोफॅरडचे दोन आणले, कारण उजवाही त्याच वयाचा. धन टोक ट्रान्झिस्टरकडे. बरेच दिवस पडून राहिलेल्या कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर कमजोर झालेला असू शकतो, म्हणून पहिल्यांदा चालू करताना प्रवाह मर्यादित राहावा यासाठी पुरवठ्याच्या वाटेत १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सीरिजमध्ये लावला. तो क्षणभर उजळून मंद झाला, आणि डावीकडून डग्गा आला.

नंतर जुना कपॅसिटर कापून गुंडाळी उलगडली. कागद तपकिरी, कडकडीत. बोट ओलं झालं नाही.