नमुना-जुळणी (डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची पद्धत)

दिलेला संपूर्ण मजकूर दिलेल्या नमुन्यात बसतो की नाही, हे ठरवण्याच्या प्रश्नाला नमुना-जुळणी म्हणतात. नमुन्यात साध्या अक्षरांखेरीज दोन विशेष चिन्हे येऊ शकतात : ‘?’ कोणत्याही एका अक्षराच्या जागी चालते, तर ‘*’ शून्य किंवा कितीही अक्षरांच्या जागी. प्रश्न अवघड होतो तो ‘*’मुळे, कारण त्याने किती अक्षरे गिळावीत हे पुढचा मजकूर पाहिल्याशिवाय कळत नाही. ‘क*न’ हा नमुना ‘कमलनयन’ या शब्दाशी ताडताना पहिल्या ‘न’पाशीच थांबले, तर ‘यन’ शिल्लक राहते आणि जुळणारा शब्द नाकारला जातो. रिकर्शनने (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावून) सगळ्या शक्यता तपासल्यास उत्तर बरोबर येते. मात्र तेच उपप्रश्न पुनःपुन्हा सोडवले जातात आणि ‘*’ वाढतील तसा वेळ झपाट्याने वाढतो.

अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या डायनॅमिक प्रोग्रॅमिंगमध्ये प्रत्येक उपप्रश्न एकदाच सोडवून त्याचे उत्तर तक्त्यात नोंदवतात. येथे ओळी नमुन्याच्या आणि स्तंभ मजकुराच्या असतात. दोन्हींच्या आरंभी रिकाम्या स्ट्रिंगसाठी (एकही अक्षर नसलेल्या मजकुरासाठी) एकेक जागा ठेवतात. प्रत्येक चौकटीत नमुन्याचा तिथपर्यंतचा भाग मजकुराच्या तिथपर्यंतच्या भागाशी जुळतो का, एवढेच लिहायचे. अक्षर जुळले किंवा ‘?’ असले, तर डाव्या-वरच्या तिरप्या चौकटीचे उत्तर खाली उतरते. ‘*’ असल्यास वरची चौकट (‘*’ने काहीच घेतले नाही) किंवा डावीकडची चौकट (आणखी एक अक्षर घेतले) यांपैकी एक सत्य असली तरी पुरते. या दोन पर्यायांतच सगळे इंगित आहे.

वरील उदाहरणात २८ चौकटी भराव्या लागतात. शेवटच्या ओळीत चौथ्या आणि सहाव्या अक्षराखाली, म्हणजे दोन्ही ‘न’खाली, ‘सत्य’ येते. एकही शक्यता टाकून न दिल्यामुळे अखेरची चौकट योग्य उत्तर देते. नमुन्याच्या आरंभी ‘*’ असेल, तर रिकाम्या मजकुराच्या स्तंभात त्या ‘*’च्या चौकटीतही ‘सत्य’ भरावे लागते, आणि नवशिक्यांची चूक बहुधा येथेच होते.

वेळ दोन्ही लांबींच्या गुणाकाराच्या प्रमाणात लागतो. केवळ मागची ओळ जपली तरी भागत असल्याने जागा बरीच वाचते. रेग्युलर एक्स्प्रेशन या नमुने लिहिण्याच्या दुसऱ्या पद्धतीतील ‘*’ मात्र आधीच्या अक्षराची पुनरावृत्ती दर्शवतो, त्यामुळे तेथे ‘शून्य वेळा’साठी दोन ओळी वर पाहावे लागते. देवनागरी मजकुरात आणखी एक दक्षता हवी : युनिकोड या अक्षरांना संकेतांक देणाऱ्या प्रणालीत ‘कि’ हे दोन संकेतांचे (‘क’ आणि वेलांटी) बनते, म्हणून संकेतागणिक चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकटा ‘?’ त्याच्याशी जुळत नाही.